ग्रेडलमधून जेशेल उघडताना प्रॉम्प्ट गायब, बाणाच्या कळा बंद, क्लास सापडत नाही: कारणं आणि उपाय

जेशेल, म्हणजे जावाची एकेक ओळ लिहून लगेच चालवून पाहायचं साधन, जावा ९ सोबत सप्टेंबर २०१७ मध्ये आलं. नुसतं जेशेल उघडायला काहीच त्रास नाही. त्रास सुरू होतो तो आपल्या प्रोजेक्टचे क्लास आणि त्यांना लागणाऱ्या पन्नास जार फाइली (क्लासांचे गठ्ठे) जेशेलच्या हाती द्यायच्या असतात तेव्हा. ही यादी ग्रेडलकडे (प्रोजेक्ट कंपाइल करून बांधणारं साधन) तयार असते, म्हणून बिल्डफाइलमध्ये एक टास्क लिहून त्यातूनच जेशेल सुरू करायचा मोह होतो. मग यांपैकी काहीतरी दिसतं:

– जेशेल उघडतं आणि त्याच क्षणी बंद होतं. खाली 'बिल्ड सक्सेसफुल'.
– प्रॉम्प्ट दिसत नाही. प्रगतीची पट्टी 'एक्झिक्युटिंग' म्हणत तशीच थांबलेली असते.
– ओळ लिहून एंटर दाबली तर उत्तर येतं, पण वरचा बाण दाबला की मागची कमांड येण्याऐवजी ^[[ए अशी अक्षरं उमटतात. टॅबने नाव पूर्ण होत नाही.
– एका मशीनवर सगळं चालतं, तीच बिल्डफाइल शेजारच्या मशीनवर चालत नाही.

लिहिण्याबद्दल एक सूचना. खालच्या कमांड आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत लिहायचे. कोडमधल्या जोडशब्दांत दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं (सोर्ससेट्स, डिपेंड्सऑन, डूलास्ट). 'रनटाइमक्लासपाथ' मध्ये मात्र फक्त सी कॅपिटल, पी लहानच. ही चूक फार वेळा होते.

असं का होतं

'./ग्रेडलडब्ल्यू' (प्रोजेक्टमधली ग्रेडल सुरू करणारी स्क्रिप्ट) चालवल्यावर तुमच्या टर्मिनलला जोडलेला असतो तो फक्त एक छोटा क्लायंट. खरं काम मागे चालू असलेला डेमन करतो. ग्रेडल ३.० पासून हा डेमन डिफॉल्टने चालू असतो. क्लायंट तुमचं टायपिंग ओळी-ओळीने डेमनकडे पाठवतो आणि त्याचं उत्तर स्क्रीनवर छापतो. डेमनला स्वतःचं टर्मिनल नसतं. त्याने पुढे 'जावाएक्झेक' किंवा 'एक्झेक' टास्कमधून जेशेल सुरू केलं, तर ते नातवंड टर्मिनलपासून आणखी एक पायरी लांब.

बाणाच्या कळा, टॅब, मागच्या कमांडचा इतिहास हे सगळं चालायला जेशेलला टर्मिनलचा ताबा लागतो: प्रत्येक कळ दाबताक्षणी त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. इथे त्याला मिळतो एक पाइप, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरीत मजकूर नेणारी नुसती नळी. तुमचं खरं टर्मिनल अजून साध्या ओळ-पद्धतीतच असतं, म्हणून वरच्या बाणाचा संकेत ते अक्षरं समजून तसाच छापतं. ^[[ए दिसलं की टर्मिनल जेशेलच्या हातात नाही हे नक्की समजावं. त्यानंतर कीबोर्ड किंवा टर्मिनलच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करण्यात वेळ घालवू नये.

लगेच बंद होण्याचं कारण याहून साधं आहे. 'जावाएक्झेक' टास्कला डिफॉल्टने रिकामा इनपुट मिळतो. जेशेल पहिली ओळ वाचायला जातं, इनपुट संपलेला असतो, ते शांतपणे बाहेर पडतं. म्हणून कुठलीच एरर दिसत नाही.

अर्धे उपाय आणि ते कुठे अडतात

टास्कमध्ये 'स्टँडर्डइनपुट = सिस्टम.इन' लिहिलं की लगेच बंद होणं थांबतं. '--कन्सोल=प्लेन' दिलं की प्रगतीची पट्टी जाते आणि तिच्याखाली झाकलेला प्रॉम्प्ट दिसू लागतो. या दोन ओळींवर बरेच जण थांबतात. पण बाण आणि टॅब तरीही येत नाहीत, कारण पाइप पाइपच राहतो. जेशेलमध्ये टॅब नसेल तर त्याची निम्मी उपयुक्तता गेली. मेथडची नावं पाठ असती तर जेशेल उघडायची गरज काय होती?

'--नो-डेमन' बद्दल जास्त गोंधळ आहे. नाव वाचून वाटतं की आता सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालेल. तसं होतंच असं नाही. ग्रेडलडब्ल्यूची स्क्रिप्ट क्लायंटला ६४ एमबी हीप (जावासाठी राखीव मेमरी) देते, आणि बिल्डसाठीचा डिफॉल्ट ५१२ एमबी आहे. दोन्हीकडची जेव्हीएमची (जावा कोड चालवणाऱ्या प्रोसेसची) सेटिंग जुळली नाहीत तर ग्रेडल त्या एका बिल्डपुरता नवा डेमन उभा करतं आणि तसं एका ओळीत सांगतंही. ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'ग्रेडल.प्रॉपर्टीज' मधलं 'ओआरजी.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्स' आणि एन्व्हायर्नमेंटमधलं 'ग्रेडल_ऑप्ट्स' ज्या मशीनवर जुळतात तिथे काम एकाच प्रोसेसमध्ये होतं, इतर ठिकाणी नाही. एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

आणि सेटिंग जुळवली तरी फायदा होतो तो जेशेलला ग्रेडलच्याच प्रोसेसमध्ये चालवणाऱ्या प्लगइनना. 'जावाएक्झेक' स्वतंत्र प्रोसेस उघडतं आणि तिला इनपुट-आउटपुट पाइपमधूनच देतं, डेमन असो वा नसो.

आणखी एक अडचण आहे. जेशेल टास्कच्या आत उघडं असेतोवर तो डेमन अडकून राहतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये कंपाइल करायला गेलात की 'एक डेमन व्यस्त आहे, वापरता येत नाही' असं सांगून ग्रेडल दुसरा डेमन उठवतं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे लगेच जाणवतं.

उपाय: यादी ग्रेडलकडून घ्या, जेशेल स्वतः उघडा

ग्रेडलला त्याचं काम करू द्या: कंपाइल करणं आणि क्लासपाथ (क्लास आणि जार कुठे आहेत याची यादी) फाइलमध्ये लिहून देणं. मग ते संपू द्या. त्यानंतर तुमच्या शेलमधून जेशेल थेट सुरू करा. टर्मिनल पूर्णपणे त्याच्याकडे जातं, आणि वरची सगळी लक्षणं एकदमच नाहीशी होतात.

ग्रूव्हीतल्या बिल्डफाइलमध्ये, प्लगइनच्या भागात 'जावा' असल्याची खात्री करून, हे टास्क घाला:

टास्क्स.रजिस्टर('जेशेलपाथ') {
    डेफ सीपी = सोर्ससेट्स.मेन.रनटाइमक्लासपाथ
    डेफ आउट = लेआउट.बिल्डडिरेक्टरी.फाइल('जेशेल-पाथ.टीएक्सटी')
    डिपेंड्सऑन सीपी
    डूलास्ट {
        आउट.गेट().अ‍ॅझफाइल.टेक्स्ट = सीपी.फिल्टर {
            इट.एक्झिस्ट्स() && (इट.डिरेक्टरी || इट.नेम.एंड्सविथ('.जार'))
        }.अ‍ॅझपाथ
    }
}

'डिपेंड्सऑन सीपी' या ओळीत पूर्ण क्लासपाथ दिला आहे, 'क्लासेस' टास्क नाही. 'क्लासेस' दिलं तर फक्त याच मॉड्यूलचं कंपाइल होतं. शेजारच्या मॉड्यूलची जार तयारच नसते, किंवा असते ती कालची. क्लासपाथवरच अवलंबून ठेवलं की त्यातली प्रत्येक वस्तू बनवणारी टास्क ग्रेडल आपोआप आधी चालवतं.

फिल्टर हा या टास्कचा सर्वात महत्त्वाचा भाग. 'जावा' आणि 'जावासी' या कमांड क्लासपाथवरचा नसलेला फोल्डर मुकाट्याने सोडून देतात. जेशेल तसं करत नाही. एकही वाट (फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता) चुकीची निघाली की 'फाइल सापडली नाही' म्हणून ते सुरूच होत नाही. आणि ग्रेडलच्या यादीत 'बिल्ड/रिसोर्सेस/मेन' हा फोल्डर नेहमी असतो, प्रोजेक्टमध्ये एकही रिसोर्स फाइल नसली तरी. म्हणजे नव्या, छोट्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास अडतं. शिवाय क्लासपाथवर जेशेल फक्त फोल्डर आणि .जार स्वीकारतं. एखादी डिपेंडन्सी (प्रोजेक्टला लागणारी बाहेरची लायब्ररी) .झिप किंवा .एसओ आणत असेल तर तिलाही ते नकार देतं.

'सीपी' आणि 'आउट' हे डूलास्टच्या बाहेर घेतले आहेत ते कॉन्फिगरेशन कॅशेसाठी (बिल्डफाइल वाचून केलेली तयारी पुढच्या वेळेसाठी जपणारी ग्रेडलची सोय). डूलास्टच्या आत 'प्रोजेक्ट' किंवा 'सोर्ससेट्स' ला हात लावला तर ती कॅशे चालू असलेल्या बिल्डमध्ये एरर येते.

कॉटलिनमधली बिल्डफाइल असेल तर 'सोर्ससेट्स.मेन.गेट().रनटाइमक्लासपाथ', 'डिपेंड्सऑन(सीपी)' आणि मजकूर लिहिताना 'राइटटेक्स्ट'. बाकी रचना तीच.

आता प्रोजेक्टच्या मुळाशी एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. इथे मॉड्यूलचं नाव 'कोअर' धरलं आहे, आणि सुरुवात.जेएसएच ही तुमची स्वतःची स्टार्टअप फाइल (तिच्याबद्दल खाली):

#!/बिन/एसएच
सेट -ई
./ग्रेडलडब्ल्यू -क्यू :कोअर:जेशेलपाथ
एक्झेक जेशेल --क्लास-पाथ "$(कॅट कोअर/बिल्ड/जेशेल-पाथ.टीएक्सटी)" --स्टार्टअप डिफॉल्ट --स्टार्टअप सुरुवात.जेएसएच "$@"

'सेट -ई' गाळू नका. ते नसेल तर कंपाइल फसल्यावरही पुढची ओळ चालते आणि जेशेल जुन्या क्लासांवर उघडतं. मग नुकतीच दुरुस्त केलेली मेथड जुन्यासारखीच का वागते याचा शोध सुरू होतो. 'क्यू' ने फक्त बडबड बंद होते, कंपाइलच्या एरर दिसतातच. अवतरणचिन्हं हवीतच, कारण वाटेत एखाद्या फोल्डरच्या नावात जागा असू शकते.

क्लासपाथ फाइलमध्ये न लिहिता टास्कमधून छापून थेट "$(...)" मध्ये घेण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती चालते, पण ठिसूळ आहे. बिल्डफाइलमध्ये कुणीतरी तपासणीसाठी एक 'प्रिंटएलएन' ठेवला की 'क्यू' असूनही तो मजकूर क्लासपाथच्या सुरुवातीला चिकटतो आणि जेशेल सुरू होत नाही. फाइल लिहिण्यात ही भानगड नाही.

टास्क लिहिल्यावर येणाऱ्या अडचणी

'सोर्ससेट्स' ही प्रॉपर्टी माहीत नाही, अशी एरर आली तर टास्क चुकीच्या बिल्डफाइलमध्ये आहे. अनेक मॉड्यूलच्या प्रोजेक्टमध्ये मुळाच्या बिल्डफाइलला जावा प्लगइन सहसा नसतं. टास्क त्या-त्या मॉड्यूलमध्ये घाला.

'क्लास फाइलची आवृत्ती चुकीची: ६५.०, हवी ६१.०' असा मजकूर आला तर ग्रेडलने जावा २१ ने कंपाइल केलं आहे आणि तुमच्या पाथवरचं जेशेल जावा १७ चं आहे. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: जावा ८ म्हणजे ५२, ११ म्हणजे ५५, १७ म्हणजे ६१, २१ म्हणजे ६५, जावाच्या आकड्यात ४४ मिळवायचे. ज्या प्रोजेक्टमध्ये टूलचेन (कोणत्या जावाने कंपाइल करायचं याची नोंद) लावलेली असते तिथे हे नेहमी होतं, कारण ग्रेडल स्वतःच योग्य जेडीके (डेव्हलपरसाठीचा जावाचा संच) निवडतं आणि आपल्या शेलला त्याचा पत्ता नसतो. 'जेशेल --व्हर्जन' चालवून खात्री करा. './ग्रेडलडब्ल्यू -क्यू जावाटूलचेन्स' ही कमांड ग्रेडलला माहीत असलेली सगळी जेडीके आणि त्यांच्या वाटा दाखवते. त्यातल्या योग्य वाटेखालच्या 'बिन' फोल्डरमधलं जेशेल स्क्रिप्टमध्ये पूर्ण वाटेने लिहा. जेशेल ही कमांडच सापडत नसेल तर मशीनवर बहुधा फक्त जेआरई (नुसते प्रोग्रॅम चालवणारा संच) आहे. जेशेल जेडीकेसोबतच येतं.

प्रोजेक्टचा क्लास सापडत नाही, पण क्लासपाथ बरोबर आहे, अशा वेळी त्या क्लासच्या पहिल्या ओळी पाहा. 'पॅकेज' ची ओळच नसेल तर तो क्लास जेशेलमधून वापरता येणार नाही. जेशेल तुमची प्रत्येक ओळ स्वतःच्या एका पॅकेजमध्ये गुंडाळतं, आणि जावाच्या नियमानुसार नाव असलेल्या पॅकेजमधून बिननावाच्या पॅकेजमधला क्लास दिसत नाही. कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये सगळ्या फाइली पॅकेजशिवाय ठेवायची सवय असते, तिथे ही एरर फार येते. उपाय एकच: पॅकेज द्या. क्लास 'पब्लिक' नसेल तरी हाच परिणाम.

'कंपाइलओन्ली' म्हणून दिलेल्या डिपेंडन्सी रनटाइम क्लासपाथवर नसतात. सर्व्हलेटचे क्लास बहुधा यामुळेच मिळत नाहीत. टेस्टमधले क्लास हवे असतील तर 'सोर्ससेट्स.टेस्ट.रनटाइमक्लासपाथ' घ्या, त्यात मेनही येतं.

'लिस्ट' किंवा 'स्ट्रीम' सारखी साधी नावंही अचानक चालेनाशी झाली तर '--स्टार्टअप डिफॉल्ट' राहून गेलं आहे. नुसती स्वतःची स्टार्टअप फाइल दिली की जेशेलचे नेहमीचे इम्पोर्ट लागू होत नाहीत. दोन्ही, आणि याच क्रमाने द्यावे लागतात. शब्द 'डिफॉल्ट' पूर्ण कॅपिटल अक्षरांत. 'सुरुवात.जेएसएच' मध्ये प्रोजेक्टचे रोज लागणारे इम्पोर्ट ठेवा आणि फारतर दोन-चार छोट्या मेथड. डेटाबेसचं कनेक्शन तिथे उघडू नका. दर रीसेटला ती फाइल पुन्हा चालते.

हीप वाढवली तरी मेमरी कमीच पडते

यामागचं कारण माहीत असेल तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. जेशेल डिफॉल्टने दोन जेव्हीएम चालवतं. एक तुमच्याशी बोलतं: ओळ वाचणं, कंपाइल करणं, टॅब. दुसऱ्यात तुमचा कोड प्रत्यक्ष चालतो. '-जे' ने दिलेलं सेटिंग पहिल्याला लागतं, '-आर' ने दिलेलं दुसऱ्याला, '-सी' ने दिलेलं कंपाइलरला. म्हणून तुमच्या कोडसाठी २ जीबी हवी असेल तर '-आर-एक्सएमएक्स२जी'. '-जे-एक्सएमएक्स२जी' दिलं तर एरर येत नाही, आणि उपयोगही होत नाही. सिस्टम प्रॉपर्टीचंही तेच: '-आर-डीप्रोफाइल=डेव्ह'. ग्रेडलला दिलेली '-डी' ग्रेडलपुरती, आणि 'अ‍ॅप्लिकेशनडिफॉल्टजेव्हीएमआर्ग्स' फक्त 'रन' टास्क आणि त्या प्लगइनच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टसाठी. दोन्ही इथे पोचत नाहीत.

विंडोजवर जावा १७ किंवा त्याआधीचं काही असेल आणि देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांसारखा छापला जात असेल, तर त्यालाही दोन्हीकडे सांगावं लागतं: '-जे-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८' आणि '-आर-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८', आणि त्याआधी कन्सोलमध्ये 'सीएचसीपी ६५००१'. जावा १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंगच यूटीएफ-८ आहे.

दोन जेव्हीएम असल्यामुळेच कोडमध्ये 'सिस्टम.एक्झिट' आलं तर जेशेल बंद पडत नाही. फक्त चालवणारं जेव्हीएम जातं आणि '/रीलोड -रिस्टोर' ने तुमच्या व्याख्या परत येतात.

उलट, ही दोन जेव्हीएम एकमेकांशी लोकलहोस्टवरून बोलतात. कडक फायरवॉल किंवा व्हीपीएन असलेल्या मशीनवर, किंवा होस्ट्स फाइलमध्ये लोकलहोस्टची नोंद बिघडलेली असेल तर, जेशेल काही क्षण थांबून 'एक्झिक्यूशन इंजिन सुरू होऊ शकलं नाही' असं सांगून बंद होतं. होस्ट्स फाइल तपासा. ती बरोबर असेल तर '--एक्झिक्यूशन लोकल' द्या. मग सगळं एकाच जेव्हीएममध्ये चालतं: हीप '-जे' ने द्यायची, आणि 'सिस्टम.एक्झिट' ने सगळंच बंद होणार.

कोड बदलला, जेशेलला कळत नाही

एकदा लोड झालेला क्लास जेशेल पुन्हा वाचत नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये './ग्रेडलडब्ल्यू :कोअर:क्लासेस' चालवा आणि जेशेलमध्ये '/रीलोड' द्या. चालवणारं जेव्हीएम नव्याने उठतं, तुमच्या आधीच्या ओळी त्याच क्रमाने पुन्हा चालतात, नवे क्लास येतात. ओळी पुन्हा चालतात हे ध्यानात ठेवूनच वापरा: आधीच्या ओळींपैकी एखादीने टेबलमध्ये नोंद घातली असेल तर ती दुसऱ्यांदा घातली जाईल. अशा वेळी '/रीसेट' बरं, ते काहीच परत चालवत नाही. नवी डिपेंडन्सी बिल्डफाइलमध्ये घातली असेल तर मात्र क्लासपाथच बदललेला असतो. जेशेल बंद करून स्क्रिप्टच पुन्हा चालवा.

फाइल सापडत नाही, अशी एरर तुमच्या कोडमधून येत असेल तर चालू फोल्डर पाहा. 'जावाएक्झेक' मॉड्यूलच्या फोल्डरमधून चालतं, स्क्रिप्टमधलं जेशेल तुम्ही जिथे उभे आहात तिथून. स्क्रिप्टमध्ये जेशेलच्या ओळीआधी 'सीडी कोअर' घातलं तर क्लासपाथच्या फाइलची आणि सुरुवात.जेएसएचची वाटही त्याप्रमाणे बदला. आतल्या वाटांना धक्का लागत नाही, ग्रेडल त्या पूर्ण लिहितं.

विंडोजवर

कमांड प्रॉम्प्टमध्ये एका ओळीला ८१९१ अक्षरांची मर्यादा आहे. ग्रेडलच्या कॅशेतल्या वाटा लांबलचक असतात. स्प्रिंग वापरणारा मध्यम प्रोजेक्टही ही मर्यादा सहज ओलांडतो. पॉवरशेलमध्ये क्लासपाथ कमांडवर न देता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा:

$ईएनव्ही:क्लासपाथ = गेट-कंटेंट कोअर\बिल्ड\जेशेल-पाथ.टीएक्सटी
जेशेल --स्टार्टअप डिफॉल्ट --स्टार्टअप सुरुवात.जेएसएच

'--क्लास-पाथ' दिला नसेल तेव्हाच जेशेल हे व्हेरिएबल वाचतं, म्हणून दोन्ही एकदम देऊ नका. वाटांमध्ये विंडोजवर अर्धविराम आणि लिनक्स-मॅकवर अपूर्णविराम लागतो. 'अ‍ॅझपाथ' ते स्वतःच सांभाळतं. पण म्हणूनच डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) तयार केलेली फाइल विंडोजच्या जेशेलला चालत नाही.

मेव्हन वापरणाऱ्यांसाठी

मेव्हन हेही ग्रेडलसारखंच बिल्डचं साधन. साधं मेव्हन डेमनशिवाय चालतं, तरी मार्ग हाच ठेवावा. 'एमव्हीएन कंपाइल डिपेंडन्सी:बिल्ड-क्लासपाथ -डीएमडेप.आउटपुटफाइल=सीपी.टीएक्सटी' ही कमांड यादी लिहून देते, पण त्यात फक्त डिपेंडन्सी असतात. तुमचे स्वतःचे क्लास 'टार्गेट/क्लासेस' मध्ये राहतात आणि ते हाताने पुढे जोडावे लागतात:

जेशेल --क्लास-पाथ "टार्गेट/क्लासेस:$(कॅट सीपी.टीएक्सटी)"

जुन्या पद्धतीच्या टास्कमधून बाहेर पडताना कंट्रोल-सी दाबल्यामुळे टर्मिनलच बिघडलं असेल, टाइप केलेलं दिसतच नसेल, तर न दिसताच 'एसटीटीवाय सेन' लिहून एंटर दाबा. अडकलेले डेमन './ग्रेडलडब्ल्यू --स्टेटस' ने दिसतात आणि './ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप' ने बंद होतात.